तिकिटांची खोकी उघडली, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पोस्टाच्या तिकिटांची चारही खोकी माझ्या हवाली करताना तुम्ही म्हणालात, "आता भिंगातूनही तिकिटांच्या कडेचे दाते मोजता येत नाहीत. तूच बघ, काय ठेवायचं, काय टाकायचं." तीन आठवडे रोज रात्री तासभर बसते आहे. पण तुम्हाला न सांगता एकही तिकीट टाकायला हात धजत नाही, म्हणून हे पत्र.

वाईट बातमी आधी सांगते. प्लास्टिकच्या कप्प्यांचा निळा अल्बम गेला. ते प्लास्टिक पीव्हीसीचं होतं. इतक्या वर्षांत तेलकट होऊन तिकिटांना चिकटलं. चिमट्याने हळूच सोडवायला गेले, तर एका तिकिटाची छपाईच प्लास्टिकवर राहिली आणि हातात कोरा कागद आला. तिथेच थांबले. शिवाय दमट हवेने मागच्या पानांवर बुरशी धरली आहे, तांबूस ठिपके पडलेत. ती तिकिटं चांगल्यांच्या शेजारी ठेवली तर त्यांनाही डाग लागण्याची भीती, म्हणून वेगळी काढली आहेत. ही टाकावी लागतील, बाबा. तुम्ही हो म्हणालात की मगच.

हंगेरी आणि मंगोलियाची ती मोठी रंगीत, प्राण्यांची तिकिटं आठवतात? लहानपणी मला तीच सगळ्यात प्रिय होती. आता उलटून पाहिली तर बऱ्याच जणांच्या पाठीवर डिंक जसाच्या तसा आणि पुढे कोपऱ्यात नेटका पाव शिक्का. म्हणजे ती कुठल्याच पत्रावर बसून गेलेली नाहीत, संग्राहकांना विकण्यासाठीच शिक्का मारून काढलेली. टाकणार मात्र नाही. एखाद्या मुलाचा संग्रह त्यांच्यापासून सुरू होऊ दे, माझी गोडी तिथूनच लागली.

आई, तुझं म्हणणं, जुनं आहे ना, मग ठेवा. पण नुसत्या वयाने तिकीट दुर्मीळ होत नाही. जगातलं पहिलं तिकीट, 1840 सालचं पेनी ब्लॅक, ते सुद्धा सुमारे 6 कोटी 80 लाख छापलं होतं आणि आजही संग्राहकांच्या बाजारात मिळतं. आपल्याकडे तर एकच साधं तिकीट 43 वेळा निघालं. त्यातली दोन ठेवली, एक स्वच्छ आणि एक असं की शिक्क्यातलं गाव आणि तारीख दोन्ही वाचता येतात. डुप्लिकेटसाठी हाच नियम धरला आहे.

आणि आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. बुटांच्या खोक्यातली अख्खी पाकिटं, जी तुम्ही "सवडीने भिजवू" म्हणून ठेवली होती, ती मी भिजवणार नाही. तिकीट सुटं केलं की त्याच्यासोबत अर्धाच शिक्का येतो, बाकीचा पाकिटावर राहून जातो. पाकीट अख्खं असलं तर पत्र कुठून निघालं, कधी पोचलं, मध्ये कुठे भटकलं, सगळं वाचता येतं. एका पाकिटावर तर तीन पत्ते खोडले आहेत आणि मागे पोचल्याचा शिक्का अकरा दिवसांनंतरचा.

त्याच खोक्यात तळाशी आजोबांनी आईला लिहिलेली नऊ पाकिटं मिळाली, पत्रांसकट. नवांचेही कोपरे कापलेले. बाबा, तुम्ही तेव्हा नव्या उत्साहात होतात, मी दोष देत नाही. पण आजोबांच्या अक्षराशेजारचा तो चौकोनी खड्डा पाहून मला राहवेना. कागदासकट कापून ठेवलेल्या तिकिटांचा ढीग मी टाकायच्या बाजूला सारला होता, तो परत ओढला आणि एकेक तुकडा पाकिटांना लावून पाहू लागले. शिक्क्याची अर्धी वर्तुळं, कात्रीची तिरकी रेघ, शाईचा निळा. दुसऱ्या रात्री पहिला जुळला. शिक्क्याचं वर्तुळ पुरं झालं आणि तारीख वाचता आली. आई, ते पत्र माझ्या जन्मानंतर चौथ्या दिवशी टाकलेलं आहे. आत काय लिहिलं आहे ते मी वाचलेलं नाही, तुझं आहे.

आतापर्यंत चार जुळले. चिकटवले काहीच नाहीत, प्रत्येक तुकडा त्याच्या त्याच्या पाकिटासोबत साध्या, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवला आहे. ही पाकिटं अल्बमात लावायची की तुझ्याकडे द्यायची, ते तू सांग.

पाच कोपरे अजून सापडायचे आहेत. बाबा, न भिजवलेल्या तिकिटांचा एक पत्र्याचा डबा तुमच्या कपाटावर असायचा, तो अजून आहे का? असला तर भिजवू नका, आणि आवराआवरीत कुणाला टाकूही देऊ नका. मी रविवारी येऊन घेऊन जाते.

तुमची,
लेक