पाटल्या नाहीत मिळाल्या, मावशींचं काम मात्र गेलं

महोदय,

कालच्या पुरवणीतला संमोहनावरचा लेख वाचला. मथळा 'विसरलेलं सगळं परत मिळतं' आणि शेवटून दुसरी ओळ 'पाटल्या अद्याप मिळालेल्या नाहीत'. दोन्ही एकाच पानावर छापल्याबद्दल आधी अभिनंदन.

पाटल्या हरवलेल्या नेरूळच्या काकूंना संमोहनाच्या तिसऱ्या बैठकीत त्या कामाच्या मावशींच्या हातात पाहिल्याचं कसं 'आठवलं', ते लेखातच सविस्तर आहे. दहापासून उलटी मोजणी, अंग सैल, मग 'समोर टीव्ही आहे, त्यावर तो दिवस मागे न्या'. आणि लगेच प्रश्न: 'कपाटापाशी कोण उभी आहे?' कुणी होतं का, हे विचारलेलंच नाही. शिवाय 'उभी'! घरात त्या दुपारी काकू आणि कामाच्या मावशी दोघीच होत्या, हेही लेखातच आहे. एक जण खुर्चीत डोळे मिटून बसलेली, मग उरलं कोण? मराठीत विशेषणालाही लिंग चिकटतं. प्रश्न विचारणाऱ्याने जपलं नाही तर उत्तर प्रश्नातूनच जातं. त्यावर कडी म्हणजे 'तिच्या हातात काय चमकतंय?' पाटल्या हरवल्या म्हणून आलेल्या बाईला दुसरं काय चमकताना दिसणार?

संमोहनात डोक्यातली कॅसेट मागे फिरत नाही, कारण तिथे कॅसेटच नसते. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते, आणि संमोहित माणूस जुळवताना कमी चिकित्सा करतो. एरवी 'असेल बुवा, नक्की नाही' म्हणून सोडून दिलं असतं, तेही तो सांगून टाकतो. म्हणून तपशील वाढतात आणि बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. 1983 साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलेल्या डायवन आणि बावर्स यांच्या प्रयोगात आधी पाहिलेली चित्रं आठवायला सांगितली होती. संमोहित गटाने सुमारे दुप्पट नव्या गोष्टी सांगितल्या. त्यातल्या बहुतेक चुकीच्या होत्या.

त्याच वर्षी लॉरेन्स आणि पेरी यांनी सहज संमोहित होणारी 27 माणसं घेतली. गेल्या आठवड्यातली एक रात्र निवडायला लावली, संमोहनात त्या रात्रीत नेलं आणि 'मोठे आवाज ऐकू आले का?' असं सुचवलं. जागं झाल्यावर 13 जणांनी आवाज खरंच आले होते असं सांगितलं. पुढे, ते आम्हीच सुचवलं होतं, हे कळल्यावरही काही जण हटले नाहीत. खरा धोका हा आहे. अचूकता वाढत नाही, खात्री वाढते. काकूंना आज कुणीही विचारलं तर त्या शपथेवर सांगतील, आणि त्या खोटं बोलत नसतील.

संमोहनात माणसाला लहानपणात नेण्याबद्दल लेखात दोन परिच्छेद आहेत. 1951 साली संमोहनाचे संशोधक मार्टिन ऑर्न यांनी सहाव्या वर्षात 'नेलेल्या' एकाची चित्रं त्याच्या खऱ्या बालपणीच्या चित्रांशी ताडून पाहिली, जुळली नाहीत. मूळ जर्मनभाषक असलेल्या एकाला तर 'तुला इंग्रजी समजतं का?' असं इंग्रजीतच पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तो दर वेळी इमानदारीत म्हणाला, 'नाइन'. म्हणजे नाही!

यावर कॅलिफोर्नियातल्या 1976च्या चाउचिला प्रकरणाचं नाव कुणीतरी काढणारच: पळवून नेलेल्या 26 शाळकरी मुलांच्या बसचालकाला संमोहनात अपहरणकर्त्यांच्या गाडीचा नंबर आठवला, एक अंक चुकून. खरं आहे. पण नंबर ताडून बघता येतो. कपाटापाशी दिसलेला हात कशाशी ताडायचा? म्हणूनच ऑर्न यांची पथ्यं आहेत: आधी जे आठवतं ते संमोहनापूर्वी लिहून घ्या, सगळं चित्रित करा, खोलीत तिसरं माणूस नको, आणि प्रश्न विचारणाऱ्याला प्रकरणाची माहिती फक्त लेखी द्या. इथे काकूंचे चिरंजीव शेजारी बसून 'मावशींबद्दल विचारा' असं सुचवत होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 1982 सालीच साक्षीदाराला संमोहनानंतर 'आठवलेली' साक्ष नाकारली. पोलिसांनी तक्रार घेतली नाही म्हणून आपल्या प्रतिनिधीला वाईट वाटलंय; मला बरं वाटलं.

हरवलेली वस्तू शोधायची साधी रीत आहे. जिथे शेवटची पाहिली तिथेच, त्याच वेळी उभं राहायचं. अंगावर काय होतं, गॅसवर काय होतं, बेल कोणी वाजवली, हे कुणी मध्ये न बोलता सगळं सांगायचं, क्षुल्लक वाटलं तरी. मग शेवटाकडून सुरुवातीकडे. समोरच्याने 'मग?' एवढंच म्हणायचं. आणि सत्तरीनंतर विसरणं एकदम वाढलं असेल तर आधी बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्यावं. रक्त काढायला दोन मिनिटं लागतात, तीन बैठका नाहीत.

संमोहन थोतांड नव्हे. दुखणं, दाढ काढण्याची भीती, काही पोटाचे विकार यांत ते चांगलं कामाला येतं, आणि त्यासाठी साखळीचं घड्याळ हलवावं लागत नाही. पाव पान भरून छापलेला तो घड्याळाचा फोटो कुठल्या जादूगाराचा आहे? तसंच, ज्यांना लेखात सात वेळा 'डॉक्टर' म्हटलंय, त्यांची पदवी आणि नोंदणी एकदाही नाही. फोन नंबर मात्र चौकटीत, ठळक.

आणि मावशींचं नाव, सेक्टर आणि 'त्यांना कामावरून काढण्यात आले' हे वाक्य आपण छापलं आहे. काकूंचं नाव बदललेलं, मावशींचं खरं. शुद्धिपत्र येणार असेल तर ते आतल्या पानावर दोन ओळींत नको, त्याच पुरवणीत, त्या घड्याळाएवढ्या जागेत यावं.

एक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ,
नौपाडा, ठाणे (प.)
(पेशंट ओळखतात, नाव छापू नये.)