बाबा, आजीला काय झालं होतं?

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात नाशिकला आले तेव्हा बोलायचं होतं ते राहूनच गेलं. गंगापूर रोडच्या दवाखान्यात ताईला डबा द्यायला आपण तिघं गेलो आणि बाबा, तुम्ही वर आलाच नाहीत. गाडी लावायला जागा नाही म्हणालात. जागा होती. रात्री मी विषय काढला तर तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.

मी रागावलेली नाही. मी नववीत असताना तुम्ही आत्याला भल्या पहाटे उठवून नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने दादरला न्यायचात आणि तिथून परळच्या टाटाला. पाण्याची बाटली, लिंबू आणि उलटीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या आई आदल्या रात्रीच भरून ठेवायची. आज स्तनाच्या कॅन्सरची तीच वाट आत्याच्या लेकीच्या, आपल्या ताईच्या वाट्याला आली, हे तुम्हाला बघवत नाही. मला कळतं ते. पण या गप्प बसण्याची मला आता भीती वाटू लागली आहे.

बाबा, ताईचा रिपोर्ट वाचून तुम्ही म्हणालात, "ट्रिपल निगेटिव्ह आलंय, म्हणजे चांगलंच की." तसं नाही हो. कॅन्सरच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू हे तीन ग्राही, म्हणजे वाढीचा संदेश पकडणाऱ्या जागा, असतात का ते बघतात. ताईच्या गाठीत तिन्ही नाहीत. त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या तिला लागू पडत नाहीत, केमोवरच भिस्त. आणि बीआरसीए१ या जनुकात जन्मतःच दोष असलेल्या बायकांमध्ये नेमका हाच प्रकार जास्त दिसतो. म्हणून डॉक्टरांनी तिला जनुकीय चाचणी करायला सांगितली आहे.

आई, तू मला धीर द्यायला म्हणालीस, "बायकांचा आजार तो, आईकडून येतो. माझ्या माहेरी कुणाला नाही, तू निर्धास्त राहा." तुझा जीव तुटतो ते मला समजतं, पण हे खरं नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईची, एक वडिलांची. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ यांचं काम पेशीतला डीएनए तुटला की तो सांधायचं. ती १७व्या आणि १३व्या गुणसूत्रावर असतात, मुलगा की मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत. पुरुषाला त्या दोषाचा बहुधा त्रास होत नाही, पण त्याच्याकडून तो पुढे जातो. आत्याला तो आजी-आजोबांकडून आला असेल, तर बाबांनाही आला असण्याची शक्यता निम्मी. बाबांमध्ये असला तर मला आणि दादाला पुन्हा निम्मी-निम्मी. दादाकडून त्याच्या चिऊला. मध्ये दोन पुरुष आले म्हणून वाट बंद होत नाही.

स्तनाच्या कॅन्सरच्या १०० बायकांमध्ये जेमतेम ५ ते १० जणींचा आजार असा थेट वारशाने आलेला असतो. उगाच घाबरवायला मी लिहीत नाही. पण आपल्याकडच्या खुणा एकावर एक रचल्या की मला झोप येत नाही. आत्या ४४व्या वर्षी, ताई ३९व्या. आणि आजी?

बाबा, आजी "पोटात पाणी होऊन" गेली, एवढंच आम्हाला ठाऊक आहे. या दोन जनुकांचा दोष स्तनाबरोबर अंडाशयालाही धरतो, आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी साठतं. आजीचं तेच होतं असं मी म्हणत नाही. पण ती किती वर्षांची होती, कुठल्या दवाखान्यात होती, ऑपरेशन झालं होतं का, हे आता फक्त तुम्हालाच आठवत असेल. जनुकीय चाचणीबद्दल समजावून सांगणारे समुपदेशक सगळ्यात आधी घरातल्या आजारांचा तीन पिढ्यांचा तक्ता मागतात. आपल्या तक्त्यात आजीच्या नावापुढे जागा कोरी आहे.

घराण्यातला कॅन्सर म्हणजे माणूस वाचत नाही, हेही मी आपल्या घरात कितीदा ऐकलं. आत्याचं उदाहरण देतात. पण आत्याची गाठ दुखत नव्हती. ज्यांच्याकडे ती आधी गेली त्यांनी सांगितलं, दुखत नाही ना, मग काही नाही. त्यात आठ महिने गेले. न दुखणारी गाठच आधी दाखवायला हवी, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही. तिचा घात त्या आठ महिन्यांनी केला. ब्रिटनमध्ये चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झालेल्या २,७३३ बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. दोष असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या १० वर्षांच्या जगण्यात लक्षणीय फरक निघाला नाही. शिवाय हा दोष असलेल्यांना उपयोगी पडणारं ओलॅपॅरिब नावाचं औषध आता आहे. आत्याच्या वेळी ते नव्हतं. म्हणजे ही चाचणी आधी ताईसाठी आहे, आपण नंतर.

तिच्यात दोष सापडला तर बाबांच्या रक्तात नेमकी तेवढीच जागा तपासायची. बाबांमध्ये तो नसेल तर मी, दादा, चिऊ, सगळ्यांची त्यातून सुटका. असेल तर मी तपासून घेईन. या दोषाच्या बायकांना ८० वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कॅन्सर व्हायची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. आकडा मोठा आहे, मीही वाचून हादरले. पण दरवर्षी एमआरआय करता येतो, वेळेवर अंडाशय काढून घेता येतात, पुढचा निर्णय विचार करून घेता येतो. आणि बाबा, बीआरसीए२ असला तर पुरुषांना प्रोस्टेटचा धोका वाढतो. तुम्ही रात्री तीनदा उठता, म्हणून डॉक्टरांना हेही सांगायचं आहे.

ताईमध्ये काहीच सापडलं नाही, तरी आपल्या घरातला आजार बघता माझ्या तपासण्या कधीपासून सुरू करायच्या ते मी विचारणार आहे. आई, तुलाही सूट नाही. हा आजार होणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटाने २० वर्षं काम केलं. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांची नुसत्या हाताने तपासणी करायच्या. तेवढ्यानेही पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तू ६३ची आहेस आणि एकदाही तपासून घेतलेलं नाहीस.

चिऊच्या लग्नाचं काय, लोकांना कळलं तर, हे तू दादाजवळ बोललीस. आई, चिऊ १९ची आहे. तिला काय कळायला हवं ते तिचं ती ठरवेल. सोयरीक जमावी म्हणून तिला अंधारात ठेवणं मला मान्य नाही.

बाबा, "माझ्यामुळे पोरांना" असं तुम्ही आईपाशी म्हणालात, ते तिने मला सांगितलं. प्रेसमध्ये तुम्ही आयुष्यभर छापलेले ताव तपासलेत. प्लेटच चुकली असेल तर कागदाला कोण बोल लावतं, हे तुमचंच वाक्य. तुम्हालाही तो असाच छापून मिळाला असेल.

मी शनिवारी येते. ताईची समुपदेशकांची वेळ सोमवारी सकाळी आहे आणि तुम्ही बरोबर यावं अशी तिची इच्छा आहे. तुम्हाला सांगायचं धाडस तिला होईना, म्हणून मी सांगते. आजीचे कागद माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत असतील असं आई म्हणाली. तुम्ही स्टुलावर चढू नका. मी आले की काढेन.

तुमची,
छकुली