मागचा जिना कुणी अडवला?

संपादक महोदय,

काल आपण शहरातल्या ‘नियमबाह्य’ रुग्णालयांची यादी छापलीत. त्यात माझे आठ खाटांचे प्रसूतिगृह आहे. सकाळपासून पेशंटचे फोन येत आहेत, ‘बाई, दवाखाना बंद होणार का?’

इमारत १९८८ची. नकाशा पालिकेनेच मंजूर केलेला, त्यात जिना चार फूट रुंद. दर तीन वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण झाले, तपासणीला येणारे अधिकारी याच जिन्याने वर आले आणि सही करून गेले. आता आगीच्या नियमांप्रमाणे जिना दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट रुंद हवा म्हणतात. वर दोन कुटुंबे राहतात. त्यांच्या घराची भिंत मी पाडू?

तरीही मी मार्ग काढला. मागच्या बाजूने लोखंडी जिना बसवायचा ठरवले. अग्निशमन विभागाचे साहेब म्हणाले, उत्तम, दुसरी वाट झाली. नकाशा घेऊन बांधकाम विभागात गेले, तर तिथे म्हणाले, जिना सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत येतो, परवानगी नाही. एकाच पालिकेचे दोन विभाग, एक मजला वर-खाली. चौदा महिने मी या दोन टेबलांमध्ये फिरते आहे. त्यांनी एकदा तरी एकत्र बसावे, एवढेच माझे मागणे आहे.

आगीची भीती मला नाही, असे कुणी समजू नये. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली, त्या रात्रीपासून मी बाळांना ऊब देणाऱ्या आमच्या वॉर्मरजवळ माणूस बसवते. वायरिंग पूर्ण बदलले, धुराचे अलार्म लावले. आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे जानेवारी आणि जुलैचा बी फॉर्म, एकदाही चुकवला नाही. भंडाऱ्यात आग नवजात कक्षातच लागली, बहुतेक बाळे धुराने गुदमरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. दोन्ही रुग्णालये सरकारी. मग वायरिंग, धूर आणि बाहेर पडायची दुसरी वाट यांची तपासणी सगळ्यांची सारखी करा, सरकारी दवाखान्यांचीही. नव्या इमारतीला दोन मीटरचा जिना जरूर सक्तीचा करा. जुन्या इमारतीला मात्र पर्याय द्या, आणि तो मंजूरही करा.

आणखी एक. आमच्या फाटकासमोर दिवसभर दुचाक्या आणि हातगाड्या उभ्या असतात. उद्या आग लागलीच तर बंब दारापर्यंत येणार नाही. तीन अर्ज दिले, पोच तिन्हींची आहे.

यादी छापण्याआधी आपल्या वार्ताहराने एक फोन केला असता, तर मी त्याला दोन्ही विभागांची पत्रे दाखवली असती. अजूनही दाखवीन. या आठवड्यात माझ्याकडे चार बायकांच्या तारखा आहेत. त्यांना कुठे पाठवू, हे पालिकेने मला लेखी कळवावे.

— एक प्रसूतितज्ज्ञ