तापमापक शहरातला, आकडा पृथ्वीचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की एक मत हमखास ऐकू येते: हवामान केंद्रे सिमेंटच्या गराड्यात सापडली आहेत, म्हणून पृथ्वी तापल्याचे भासते. यातला पहिला भाग खराच आहे. लंडनच्या रात्री भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असतात, हे तिथले हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी 19व्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते.

दुसरा भाग मात्र टिकत नाही. जागतिक नोंदीत प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्याच जुन्या सरासरीशी केली जाते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच दाट वस्तीत असलेले केंद्र आज कितीही उष्ण असले, तरी त्या जुन्या उष्णतेने वाढीचा आकडा फुगत नाही. खरी अडचण आहे ती नोंदी चालू असताना ज्यांच्याभोवती शहर वाढत गेले, अशा केंद्रांची. चीनमध्ये हा परिणाम दखल घेण्याजोगा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणूनच नासाचे अभ्यासक रात्रीच्या दिव्यांच्या उपग्रहचित्रांवरून शहरी केंद्रे ओळखतात आणि त्यांचा दीर्घकालीन कल शेजारच्या ग्रामीण केंद्रांशी जुळवून घेतात.

मला सर्वाधिक पटलेली तपासणी ब्रिटिश हवामानतज्ज्ञ डेव्हिड पार्कर यांची, 2004 मधली. शहरात साठलेली उष्णता वारा पडलेल्या रात्री सर्वांत जास्त जाणवते आणि वारा सुटला की पांगते. तेव्हा वाढ शहरांमुळेच झाली असती, तर ती शांत रात्रींत अधिक दिसायला हवी होती. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारच्या रात्री सारख्याच तापत गेल्या. शिवाय पृथ्वीचा सुमारे 71 टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला आहे आणि तिथेही तापमान वाढतेच आहे.

याचा अर्थ केंद्रांच्या जागेकडे दुर्लक्ष करावे असा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजणी बिघडणार म्हणून कुलाबा वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे अलिबागला नेली गेली, तेव्हा 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुनी मालिका नव्या जागेशी जोडण्यात आली. तापमानाचे केंद्र हलवतानाही अशीच काळजी घेतली जावी, आणि जागा कधी बदलली, भोवताली बांधकाम कधी झाले, याचा तपशील आकड्यांसोबत सर्वांना खुला असावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रानेही रोजचे तापमान छापताना नुसते शहराचे नाव न देता केंद्राचे नाव द्यावे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे