आमच्या मॅडमचे जाहीर आभार

मॅडम,

तोंडावर बोलायला गेले की माझा घसा दाटतो आणि तुम्ही लगेच "अहो सिस्टर, काय त्यात एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय. वाचू देत लोकांना.

आयुष्य वॉर्डात गेलं. पेशंटला कुशीवर वळवा, बेडवरून स्ट्रेचरवर घ्या, खाली घसरला की परत वर ओढा, यात कंबर कधी गेली कळलंच नाही. वाकायचं कसं ते शिकवतात हो, पण पेशंट काय पुस्तकातल्यासारखा पडून राहतो का, तो मध्येच गळ्यात हात टाकतो आणि सगळा भार आपल्यावर. तुम्हीच सांगितलंत की अमेरिकेत २००७ साली हिशोब मांडला होता, पेशंट हाताने उचलायचा तर ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो ही वरची मर्यादा, त्यापुढे यंत्र वापरा. १६ किलो! धिप्पाड माणसाचा एक पायच तेवढा भरतो.

आधी जिथे होते तिथे हलकं काम मागितलं तर काय काय ऐकून घेतलं. "पट्टा लावा." "सगळ्यांचीच दुखते." एका साहेबांनी तर मान वर न करता सांगितलं, झेपत नसेल तर घरी बसा, नवीन मुली निम्म्या पगारात मिळतात. नर्सेस डेच्या भाषणात ह्याच साहेबांना आम्ही देवी दिसतो बरं का. १२ मेला गुलाब, १३ मेला डबल ड्युटी.

आणि मग तुम्ही. काम मागायला तुमच्याकडे आले, तुमच्या केबिनमध्ये तो खोलगट सोफा होता, बसायच्या आधी मी जरा थबकले असेन, टेबलावर हात टेकला असेल, तेवढंच. तुम्ही बोलता बोलता उठलात, स्वतःची उंच खुर्ची माझ्यापुढे सरकवलीत आणि स्वतः सोफ्यावर जाऊन बसलात. त्याबद्दल एक शब्द नाही. वय विचारलं नाहीत, कंबरेचं विचारलं नाहीत. फाईल मिटलीत आणि म्हणालात, पेशंट बिघडणार हे तुम्हाला मॉनिटरच्या आधी कसं कळतं?

मग काय, मी सुटलेच. श्वास वाढतो, पण तो मिनिटभर मोजतंय कोण, अंदाजे २० लिहून मोकळे होतात. लघवी कमी होते. काल शांत असलेला माणूस उगाच चादर ओढत बसतो, घरचे म्हणतात आज हे वेगळेच वागतायत, आणि घरच्यांचं ते बोलणं कधीच हसण्यावारी न्यायचं नसतं. तुम्ही लिहून घेत होतात. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय हे मी पहिल्यांदा बघितलं.

पुढची कागदपत्रं, ट्रेनिंग वगैरे जाऊ दे, ते झालं. आता मी इन्फेक्शन कंट्रोलला आहे. राउंड घेते, कुणाच्या सलाईनची जागा लाल झालीये ते बघते, कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, गरज संपली तरी तो तसाच राहिलाय का ते विचारते, कारण जितके दिवस जास्त तितका इन्फेक्शनचा धोका जास्त. मोठ्या डॉक्टरांनाही हात धुवायला लावते, हे मात्र मनापासून आवडतं! आणि आमच्या नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाई तरी काय, क्रिमियाच्या युद्धाहून आल्यावर आजारपणामुळे कितीतरी वर्षं बहुतेक अंथरुणातूनच आकडेवारी काढत, पत्रं लिहीत काम करत होत्या, त्यांना कुणी म्हटलं का की पेशंट उचलत नाही तर नर्स कसल्या?

चांगुलपणाला खर्च येत नाही असं म्हणतात ते काही खरं नाही हं. त्या दिवशी सोफ्यावर तुम्ही अवघडून बसला होतात, दिसत होतं मला.

आता लाज सोडून अजून एक मागते. माझ्या जुन्या वॉर्डातल्या एक सिस्टर आहेत, गुडघे पार गेलेत त्यांचे, पण नवीन मुलींना शिकवावं तर त्यांनीच. फोनवर त्या कधीच मागणार नाहीत. पाठवू का तुमच्याकडे?