शेवटची पाच मिनिटं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा रद्दी काढताना नातवाचं जुनं पाठ्यपुस्तक हाती लागलं. धड्यांच्या मागे ‘माझी नोंद’ लिहायची पानं होती. दोन पानांवर फळ्यावरून उतरवलेले शब्दार्थ, एकावर फुली-गोळ्याचा डाव आणि बाकी सगळी कोरी. २०२३-२४ पासून दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून शासनाने ही पानं पुस्तकांत घातली आणि जानेवारी २०२५ मध्ये, मुलं ती पुरेशी वापरत नाहीत, वह्या आणतातच, असं सांगत ती बंद करायचं ठरवलं. त्या ओझ्याचा हिशेब बाजूला ठेवू. मुलांना पान मिळालं, पण ते लिहायला वेळ मिळाला नाही. घंटा झाली की पुढच्या तासाचे सर दारात उभे!

मी नाशिकमध्येच सव्वीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची आठ-दहा वर्षं थोडी शहाणी होऊन. तास संपायला पाच मिनिटं उरली की खडू खाली ठेवायचा आणि वहीच्या अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या वाटायच्या. नाव लिहायचं नाही. सुरुवातीला मी फळ्यावर प्रश्न लिहायची, ‘आज काय शिकलात?’ उत्तर ठरलेलं, ‘आज आम्ही अपूर्णांकांची बेरीज शिकलो. सगळं समजलं.’ ‘सगळं समजलं’ हे वर्गातलं सर्वांत सोयीचं वाक्य आहे. बाईही खूश, मूलही मोकळं.

मग प्रश्न बदलला. ‘आज जो गैरहजर आहे त्याला उद्या काय सांगाल? आणि त्याने काय विचारलं तर अडाल?’ त्या दिवशीच्या एका चिठ्ठीत होतं, ‘बेरीज जमते. पण छेद सारखा का करायचा विचारलं तर बाईंनी सांगितलंय असं सांगेन.’ मी ती चिठ्ठी शिक्षकखोलीत तीनदा वाचली. अशाच अर्थाच्या आणखी बऱ्याच निघाल्या. म्हणजे आठवडाभर मी रीत शिकवत होते आणि मुलं ती निमूट पाळत होती. दुसऱ्या दिवशी डब्यातून भाकरी नेली. अर्धी भाकरी आणि चतकोर मिळून किती? अर्धीचे दोन चतकोर केल्याशिवाय सांगता येईना. छेदाचं कोडं तिथं सुटलं. भाकरी कोणी खाल्ली, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

‘अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?’ असं सहकारी विचारायचे. माझा अनुभव उलटा आहे. चिठ्ठ्या वाचल्यावर जे मुलांना आलेलं असे त्याची उजळणी मी सोडून द्यायची, त्यात पाचाच्या जागी पंधरा मिनिटं वाचायची. लिहायचा कंटाळा असेल त्या दिवशी शेजारच्याला एकेक मिनिट तोंडी सांगायचं. सांगता सांगता अडलं की कुठे अडलं ते मुलाला आपोआप कळतं.

क्षेत्रभेटीचा ‘अहवाल’ हा आणखी एक फार्स. एकाचा फळ्यावर, बाकीच्यांचा वहीत, स्वल्पविरामासकट सारखा. एका वर्षी आम्ही पांडवलेणीला मुलं नेली तेव्हा अहवाल रद्द करून दोनच रकाने दिले : ‘आधी वाटायचं’ आणि ‘आता वाटतं’. एका मुलीने पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘इथे पांडव राहिले.’ दुसऱ्यात, ‘ही बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं कौतुक कोरून ठेवलंय. मग पांडवांचं नाव कोणी दिलं?’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, इतिहासाच्या सरांकडेही नव्हतं. चोवीस लेण्यांची नुसती यादी पाठ केली असती तर हा प्रश्न निघालाच नसता.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलांनी स्वतःचं आणि एकमेकांचं मूल्यमापन करायचं आहे. कल्पना उत्तमच आहे, धास्ती वाटते ती अंमलाची. याआधीच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर मुलांच्या प्रगतीच्या नोंदी ठेवायच्या पद्धतीच्या वेळी वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि आम्ही शिक्षकांनीच ती बघून नोंदवह्या भरल्या. खोटं कशाला बोलू, मीही भरल्या. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीचा ‘मला काय आवडलं, मला काय जमतं’ हा तक्ता तिची आई रात्री अकरा वाजता भरत बसली होती, कारण सकाळी तो शाळेत द्यायचा होता. मुलगी झोपली होती. शाळेने तो तसाच स्वीकारला.

येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना मुख्याध्यापकांनी एवढं करावं : प्रत्येक विषयाच्या आठवड्यातल्या निदान एका तासिकेची शेवटची पाच मिनिटं अशा चिठ्ठ्यांसाठी लिहून ठेवावीत, त्या वेळी वर्गात सूचनांची वही फिरवू नये. आणि शिक्षकांनी त्या चिठ्ठ्या घरी नेऊन वाचाव्यात. त्यांवर गुण नकोत, लाल शाईचा शेरा नको, ‘छान, प्रयत्न कर’ तर मुळीच नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक