ती सध्या घरीच असते

पुणे,
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

बाबा, मायना बरोबर जमलाय ना? आठवीत तुम्ही माझ्याकडून तो दहा वेळा लिहून घेतला होता, त्याचा पहिला उपयोग आज होतोय. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आई विचारते जेवलीस का, तुम्ही विचारता पाऊस आहे का, आणि मुद्द्यावर येईपर्यंत तिकडं कुकरची तिसरी शिट्टी होते.

मुद्दा गौरीजेवणाचा आहे. धाकट्या काकांनी विचारलं, "पोरगी काय करते सध्या?" आणि तुम्ही पोळीवर तूप वाढून घेत म्हणालात, "ती सध्या घरीच असते." मी मागं कटाच्या आमटीचं पातेलं घेऊन उभी होते. राग आला नाही असं म्हणणार होते, पण आला. कराडहून निघालेली गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरेपर्यंत टिकला. मग वाटलं, तुम्ही दुसरं काय सांगणार होतात? गेल्या वर्षी जूनमध्ये हिंजवडीची नोकरी सोडली तेव्हा मी "स्वतःचं काहीतरी करतेय" एवढंच म्हणाले होते. त्या 'काहीतरी'चा अर्थ तुम्ही विचारला नाहीत आणि मीही सांगितला नाही. आज सांगते. काल विसर्जन झालं, ढोल अजून कानात आहेत, झोप येत नाहीच.

मी फोनवर चालणारी अ‍ॅप्स बनवते. कंपनीत बनवायचे तशीच, फरक एवढाच की आता ती माझी आहेत. बाबा, तुम्हाला स्टँडच्या भाषेत सांगते. तुम्ही कंट्रोलर केबिनमध्ये बसायचात तेव्हा समोर ते फळवाले, वडापाववाले, पेपरवाले होते ना? जागा महामंडळाची, माल स्टॉलवाल्याचा, गिऱ्हाईक गाडीतून उतरणारं. माझं तसंच आहे. स्टँड म्हणजे फोनमधलं अ‍ॅपचं दुकान. अ‍ॅपलनं ते १० जुलै २००८ ला उघडलं तेव्हा त्यात ५०० अ‍ॅप्स होती, गूगलचं त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं. मी तेव्हा सातवीत होते आणि आपल्या घरी तुमचा तो रबरी बटणांचा एकच फोन होता. गूगलकडे स्टॉल टाकायला एकदाच २५ डॉलर भरायचे, अ‍ॅपलकडे दर वर्षी ९९. म्हणून मी फक्त गूगलकडे आहे, शिवाय माझ्या गिऱ्हाइकांतल्या एकीच्याही हातात आयफोन नाही. भाड्याऐवजी ते विक्रीतला वाटा घेतात. आधी सरसकट १०० मधले ३० घ्यायचे. २०२१ मध्ये दोघांनीही छोट्या माणसांसाठी तो १५ वर आणला. छोटा म्हणजे ज्याची वर्षाची विक्री १० लाख डॉलरच्या आत आहे तो. त्या हिशेबानं मी छोट्यातही छोटी.

पहिले सहा महिने वाया गेले, तेही सांगते. 'कामं वेळेत उरकायला मदत करणारं अ‍ॅप' हा प्रकार नवशिक्याला फार मोहात पाडतो, कारण बनवायला सोपा वाटतो. कामांची यादी, पुढं टिकमार्क, गजर. १९८० च्या दशकाच्या शेवटी इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका विद्यार्थ्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून २५ मिनिटं अभ्यास, मग थोडी विश्रांती अशी पद्धत काढली. आज त्या २५ मिनिटांवर चालणारी अ‍ॅप्स मोजायला बसलं तर २५ मिनिटं पुरायची नाहीत. त्यात आणखी एक मी टाकलं. (आई, तू तीन शिट्ट्यांत भात, पाच शिट्ट्यांत हरभरे या मापानं आयुष्य काढलंस, तुझ्या नावावर कुणी पद्धत काढली नाही.) सहा महिन्यांत माझं ते अ‍ॅप एकतीस जणांनी घेतलं. त्यातले नऊ आपले नातेवाईक.

का चाललं नाही ते नंतर कळलं. असलं सर्वांसाठीचं अ‍ॅप मोठ्या कंपन्या फुकट देतात. बर्लिनच्या एका छोट्या कंपनीचं वंडरलिस्ट नावाचं फार देखणं यादीचं अ‍ॅप होतं, मी कॉलेजात तेच वापरायचे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी विकत घेतली, आपलं स्वतःचं अ‍ॅप उभं केलं आणि मे २०२० मध्ये वंडरलिस्ट बंद केलं. उलट अमिर सालिहेफेंडिच नावाच्या माणसानं २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये शिकत असताना स्वतःची कामं लावायला टोडूइस्ट बनवलं, बाहेरचा पैसा घेतला नाही, कंपनी विकली नाही, ते अजून चालू आहे. पण तो २००७ ला आला, तेव्हा स्टँड उघडलाही नव्हता. २०२४ मध्ये तसाच वडापाव घेऊन मी उभी राहिले तर कोण थांबणार?

आता आईचा भाग. गेल्या दिवाळीत मी आले होते तेव्हा फ्रिजशेजारच्या कालनिर्णयाचा फोटो काढून घेतला होता, आठवतंय? तू म्हणालीस, "त्याचा कसला फोटो?" सुतळीला बांधलेली पेन्सिल, आणि तारखांच्या चौकोनांत तुझ्या खुणा. शून्य म्हणजे गवळी आला नाही. फुली म्हणजे आपणच नको म्हणालो. अधिक अर्धा, अधिक एक. १९ तारखेला 'मा.चे २००' म्हणजे मावशीला उसने दिलेले. महिनाअखेरीला तू चष्मा लावून बेरीज करतेस आणि गवळ्याशी एका लिटरवरून वाद घालतेस, आणि जिंकतेस.

खाडा. हा शब्द त्या मोठ्या कंपन्यांना माहीत नाही. त्यांच्या अ‍ॅपमध्ये सवयी आहेत, उद्दिष्टं आहेत, पण 'गवळी आला नाही, पैसे कापायचे' याला जागा नाही. मी पुण्याला येऊन आठ दिवसांत कच्चं अ‍ॅप बनवलं, तुझ्या खुणांसकट. शून्य आणि फुली अजून तुझीच आहेत.

पण दुधाच्या हिशेबासाठी कोण पैसे देणार? कुणी देत नाही, घरच्यांसाठी ते फुकटच ठेवलंय. पैसे सापडले सदाशिव पेठेत. माझ्या जुन्या रूमवर डबा द्यायच्या त्या काकू आठवतात? त्या आता एमपीएससीच्या पोरांसाठी मेस चालवतात, ऐंशी पोरं, दोन वेळा. त्यांची वही मी पाहिली. मोठ्या आकाराची, आडवी धरून रेघा मारलेली. सुट्टीला गावी गेलेल्या पोराचा खाडा धरायचा की नाही? नियम असा की सलग तीन दिवसांच्या वर असेल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच. कुणाचा एकवेळचा डबा, कुणाला रविवारची फीस्ट नको, कुणी मध्येच पंधरा दिवसांवर आला. महिन्याच्या एक तारखेला काकू रात्री अकरापर्यंत बेरजा करायच्या आणि दोन तारखेला पोरं भांडायची. मी तीन आठवडे रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्याशेजारी स्टुलावर बसले. कणकेच्या हातानं फोन दाबता येत नाही हे मला तिथं कळलं. म्हणून बटणं एवढी मोठी केली की कोपरानंसुद्धा लागतात. हसू नका, काकू खरंच कोपर वापरतात.

ते झालं मेसचं अ‍ॅप. महिना १४९ रुपये. काकूंकडे क्रेडिट कार्ड नाही, पण यूपीआय आहे, आणि २०२२ च्या अखेरीपासून गूगलच्या दुकानात दर महिन्याचे पैसे यूपीआयवरून आपोआप कापून घेता येतात. ही सोय नसती तर माझा धंदा पहिल्याच महिन्यात बसला असता. दर महिन्याला कोण आठवणीनं पैसे भरतं? काकूंनी नात्यातल्या दोघींना सांगितलं, त्यांनी आणखी चौघींना. नाशिकची एक आहे, संभाजीनगरच्या बऱ्याच आहेत.

बाबा, तुमचं काम तर तुम्हाला माहीतच नाही. नव्या माणसानं दुकानात अ‍ॅप मांडण्याआधी काही जणांनी ते सलग चौदा दिवस वापरून पाहिलेलं असावं अशी गूगलची अट आहे. आधी वीस माणसं लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये ती अट बारावर आली. फेब्रुवारीत मी तुम्हाला म्हटलं होतं, रोज सकाळी ते अ‍ॅप एकदा उघडा, कारण विचारू नका. तुम्ही चौदा दिवस रोज सहा वाजून पाच मिनिटांनी उघडत होतात. मला इकडं वेळ दिसायची. बाकीच्यांना मी दिवसाआड आठवण करत होते, तुम्हाला एकदाही करावी लागली नाही. बारातले एक तुम्ही होतात.

आता आकडे, कारण तुम्हाला आकड्याशिवाय पटत नाही. ऑगस्टमध्ये २१२ मेसवाल्यांनी पैसे भरले. त्याचे झाले ३१,५८८. दुकानाचा वाटा जाऊन २६,८५० उरतात, पंधरा तारखेच्या सुमारास बँकेत येतील. त्यावरचा कर वेगळा, तो सीए बघतो. शिवाय जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं काम आठवड्यातले दोन दिवस करते, त्याचे २०,००० मिळतात. नोकरीत ७२,००० हातात यायचे. म्हणजे अजून खड्डा आहे. साठवलेल्या सहा लाखांतले दोन लाख दहा हजार राहिलेत. मी स्वतःला पुढच्या जूनपर्यंत मुदत दिली आहे. तोवर मेसवाल्या चारशेच्या वर गेल्या नाहीत तर नोकरी शोधेन आणि हे रात्रीचं चालवेन. हे तुम्हाला न सांगता ठरवलं होतं.

सगळं गोड चाललंय असंही नाही. जुलैअखेरीला माझ्या एका चुकीमुळं चौदा मेसचा महिना तीसच दिवसांचा धरला गेला. एकतिसाव्या दिवसाचे पैसे बिलातच नाहीत. दिवसभर फोन. मी स्कूटर काढून सदाशिव पेठेत गेले आणि काकूंची माफी मागितली. त्यांनी आधी चहा दिला, मग म्हणाल्या, "आमच्या वहीला असं कधी झालं नव्हतं." कंपनीत असताना अशी चूक झाली की एक मेल यायची आणि पाच जण त्यात असायचे. इथं मी एकटी होते आणि समोर काकू.

दुसरं दुखणं तुमच्या फोनचं. "तुझं घड्याळ वाजत नाही," असं तुम्ही तीनदा म्हणालात, म्हणजे अ‍ॅपमधली दुधाची रात्रीची आठवण. मी अकरा दिवस त्यात घातले. बाबा, मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर रेस्टरूममध्ये झोपतो आणि पहाटे त्याला कुणीतरी उठवावं लागतं, बरोबर? अ‍ॅप तसंच झोपतं. बॅटरी वाचावी म्हणून अँड्रॉइडनं २०१५ पासून न वापरलेली अ‍ॅप्स झोपवायला सुरुवात केली, आणि काही फोन बनवणारे त्यावर कडी करतात. ते उठवणाऱ्यालाच घरी पाठवतात. वर नव्या अँड्रॉइडमध्ये अगदी ठरल्या मिनिटाला गजर वाजवायचा तर वापरणाऱ्याची वेगळी परवानगी लागते. आता अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच ती परवानगी मागतं, मराठीत, मोठ्या अक्षरात.

आणि एक. मे महिन्यात माझ्या खात्यात पन्नास हजार आले. तुम्ही आईला सांगितलं नसणार, म्हणून आता दोघांनाही एकदमच कळू दे. ते मी हातही न लावता वेगळे ठेवलेत. दिवाळीला येईन तेव्हा परत करीन, आणि तुम्ही ते घ्यायचे.

आई, स्थळांच्या कागदावर 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचं असं तू विचारत होतीस. 'मेसचा हिशेब' लिही. जो त्यावर प्रश्न विचारील त्याच्याशी मी बोलीन.

गौरीच्या दिवशी गवळी दोन लिटर जास्त देऊन गेला तेव्हा तुझे हात पिठाचे होते. तू म्हणालीस, "ते तुझ्यात लिहून टाक." मी लिहिलं. मग हात धुऊन तू कालनिर्णयावर पण पेन्सिलीनं अधिक दोन लिहिलंस. मी बघतेय हे बघून म्हणालीस, "असू दे गं." असू दे. महिनाअखेरीला दोन्हीकडची बेरीज जुळते का ते कळव. जुळली नाही तर चूक माझ्याकडची धर.

तुमची,
घरीच असणारी

ता. क. – बाबा, फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्स'मध्ये जा, माझं अ‍ॅप दाबा, 'बॅटरी'वर जा आणि तिथं बंधन नसलेला पर्याय निवडा. जमलं नाही तर शेजारच्या दादाला दाखवा. मग रात्री आठ वाजता 'उद्या दूध किती?' असं वाजेल. वाजलं तर एक मिस्ड कॉल द्या, मी उचलणार नाही.